विचारलं तर खरं सांगणारी

आमचा जिना आणि खोल्या पुसणाऱ्या बाईला सगळे अर्धवट म्हणत, कारण काही विचारलं की ती खरं उत्तर देई. जाऊबाईंनी हौसेनं विचारलं, "माझी नवी कवळी कशी दिसते गं?" तर म्हणाली, "दुसऱ्या कुणाची घातल्यासारखी."

यांचं दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर आठवडा. यांना कळू द्यायचं नाही, असं आम्ही घरच्यांनी ठरवलं. हे विचारत, "मी उठेन ना यातून?" आम्ही एका सुरात म्हणत, "म्हणजे काय!"

एका सकाळी यांनी खोली पुसायला आलेल्या तिलाच विचारलं. ती फडकं पिळता पिळता म्हणाली, "नाही साहेब. कुणाशी काही बोलायचं राहिलंय का?"

यांनी माझ्याकडे बोट केलं. मी दारातच उभी होते. तिला तिथल्या तिथे हाकललं.

"जाते बाई," ती म्हणाली, "पण तुम्ही बसा त्यांच्याजवळ."

मी बसले नाही. यांना म्हटलं, "वेडी आहे ती. मनावर घेऊ नका." हे भिंतीकडे तोंड करून पडले आणि तिसऱ्या दिवशी गेले.

खरं बोलणाऱ्याच्या तोंडी देव असतो, असं कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर शिकवत. त्या विषयात माझा कायम पहिला नंबर.

त्या तीन दिवसांची डायरी मी नीट लिहिली आहे. ताप, नाडी, औषधांच्या वेळा. यांचं वाक्य एकही नाही.