दुकान कुणाच्या नावावर?

परांचीवरून पडून रंगाऱ्याचे पाय कायमचे गेले. तेव्हापासून चाकाची खुर्ची, आणि घराला आधार अपंगत्वाच्या भत्त्याचा. पण गडी जात्याच चौकस. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीचा रंग एकाच बाजूनं का उडतोय, याचा विचार करायचा. शेवटी बायको म्हणाली, “अहो, दुसऱ्यांच्या भिंती बघून पोट भरत नाही.”

मग त्यानं पुढच्या खोलीत दुकान काढलं. जुन्या रंगाला जुळणारा रंग बनवून द्यायचा. लोक भिंतीचा पोपडा कागदात बांधून आणायचे. हा विचारायचा, “खोली कुठली? ऊन सकाळचं की दुपारचं? खिडकीशी बसतं कोण?”

“रंग द्या, पंचनामा नको!” आतून बायको ओरडायची.

दुकानाचा जम बसू लागला, तसा मेहुणा धावत आला. “भावोजी, दुकान ताईच्या नावावर करा. कुणी चुगली केली तर भत्ता बंद!”

“बंद होतो, हे कुणी सांगितलं?”

“सगळेच म्हणतात.”

“पण विचारलं कुणी?”

रंगाऱ्याला आता राहवेना. तो भत्त्याच्या कचेरीत जायला निघाला, तशी बायको दारात आडवी आली. “आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय.”

“पडू दे. मला कळणार थोडंच आहे!” तो म्हणाला. तिला हसू आवरलं नाही, आणि खुर्ची ढकलायला तीच निघाली.

कचेरीतल्या बाईंनी सगळं ऐकून चष्मा वर सरकवला. “दुकान असायला हरकत नाही. कमाई मात्र दरवर्षी कळवायची. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली तर भत्ता थोडा कमी होईल, खाली आली तर पुन्हा वाढेल. लपवलंत तर मात्र अडचणीत याल.”

“एवढंच?” बायकोच्या तोंडून निघून गेलं.

पुढच्या वर्षी भत्ता खरोखरच थोडा कापला गेला. मेहुण्यानं कपाळाला हात लावला. रंगाऱ्यानं मात्र दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, रंगवलीही स्वतःच.

मग एका सकाळी मेहुणा पुन्हा उगवला. सोबत एक सुतार होता, यंत्रात डाव्या हाताची बोटं गेलेला. मेहुणा खाकरला. “भावोजी, यांना दुकान काढायचंय, पण भत्त्याची भीती वाटते. तुम्ही कसं विचारलंत, ते जरा सांगा ना.”

“बसा,” रंगारी सुताराला म्हणाला, आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. “आधी मला सांगा, दुकानात बनवणार काय?”