पेशंट कुणाचा?

रामगोंडा पाटलाला सरकारी दवाखान्याची किळस होती. नुसती नावड नव्हे, किळस. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाचं फाटक आलं की तो गाडीची काच वर घ्यायचा. "पिवळ्या गोळीचं देऊळ," म्हणायचा. "पोट दुखू दे न्हाईतर पाय, परसाद एकच."

आमचा गाव सांगलीच्या पूर्वेला, द्राक्षबागा संपून माळ लागतो तिथं. रामगोंडा तिथला बेदाण्याचा मोठा व्यापारी. पहाटे जैन बस्तीत दर्शन, दिवस मावळायच्या आत जेवण, कांद्या-लसणाला स्पर्श नाही. एवढ्या नेमाचा माणूस आजारी माणसाकडं असं बघायचा, की जणू त्यानं कुणाचं काही चोरलंय. गुडघे त्याचेही दुखत, पण डॉक्टरकडं जाणं कमीपणाचं. औषधाच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायचा आणि वर्षानुवर्षं शेंगदाण्यासारख्या खायचा.

तो सरपंच असताना दिल्लीच्या आरोग्य योजनेतून गावाला उपकेंद्र मिळण्याची वेळ आली होती. पंचायतीनं जागेचा ठराव पाठवायचा, एवढंच काम. धनगरवस्तीवरचा कोंडीबा आणखी दोघा-तिघांना घेऊन पंचायतीत आला.

"अण्णा, जागा आमच्या वस्तीकडं द्या. बाळंतपणाला बाई न्यायची म्हंजी लय हाल व्हत्यात."

रामगोंडा पेपर वाचत होता. मान वर न करताच म्हणाला, "जनावरांचा दवाखाना हाय की जवळ. मेंढरांबरुबर तुमी बी जावा."

बसलेले सगळे हसले. ठराव झाला नाही, उपकेंद्र शेजारच्या गावाला गेलं, आणि रामगोंडा ती गोष्ट विसरूनही गेला.

पुढं त्याच गोळ्यांनी त्याच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. डायलिसिस सुरू झालं. मुलगा जिनेश पुण्याला नोकरीला. त्यामुळं सून ब्राह्मी त्याला सांगलीच्या खासगी दवाखान्यात गाडीनं न्यायची आणि आणायची. परतीच्या वाटेवर त्याचा रक्तदाब खाली जायचा, गाडीतच उलट्या व्हायच्या. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलं, "तुमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात केंद्राच्या योजनेतून हीच मशिनं बसलीत. जवळ पडेल तुम्हाला." रामगोंडानं डॉक्टरकडं अशा नजरेनं बघितलं, की त्यानं विषय पुन्हा काढला नाही.

मग त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. रस्ते बंद, तो दवाखानाही बंद. रामगोंडाचे पाय सुजले, धाप लागली. ब्राह्मीनं त्याला काहीही न विचारता गाडी त्या फाटकातून आत घातली. तो काच वर घेत होता, पण गाडी आत जाऊन थांबलीसुद्धा.

उपरणं तोंडावर ओढूनच तो खाटेवर आडवा झाला. मशीन सांगलीसारखंच होतं. तंत्रज्ञ पूजा सुई घेऊन आली तेव्हा म्हणाला, "जपून घाल. मी असल्या ठिकाणचा न्हवं."

"सुईला गाव कळत न्हाई, अण्णा," पूजा म्हणाली आणि सुई एका दमात घातली.

शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याच्याकडं बघत होता. काळा, वाळलेला, डोक्याला लाल मुंडासं.

"वळखलं न्हाई व्हय पाटील? मी कोंडीबा. मेंढरांच्या दवाखान्यात जा म्हनला व्हता तुमी."

रामगोंडानं तोंडावरचं उपरणं बाजूला केलं. मग त्याच्या तोंडून निघालं, "मग गेलास का?"

"गेलो की. तितला डॉक्टर बी जाग्यावर न्हवता."

पूर ओसरला, सांगली सुरू झाली, तरी रामगोंडा तालुक्यालाच येत राहिला. "जवळ पडतंय," एवढंच म्हणायचा. आभार मानणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पंख्याला नावं ठेव, पूजाला नावं ठेव. कोंडीबाशी बोलायचा तेही भांडल्यासारखा, पण बोलायचा. मेंढराला कुठला पाला चालतो आणि द्राक्षावर कुठला रोग पडतो यावर दोघे तासन्‌तास वाद घालत. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं कधी मान्य केलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला एके दिवशी दोघे येऊन बघतात तर डायलिसिसच्या खोलीला कुलूप. मशिनं चालवायचा ठेका एका कंपनीला दिलेला. कंपनीला पैसे मिळाले नाहीत, तिनं माणसं काढून घेतली. पूजा आपली पिशवी घेऊन पायरीवर बसली होती. "मलाबी आजच कळलं," म्हणाली.

रामगोंडा ब्राह्मीला घेऊन आरोग्य खात्याच्या सांगलीच्या कचेरीत गेला. साहेब तरुण होता, बोलायला गोड होता. त्यानं सांगितलं, योजना केंद्राची आहे, आरोग्य हा विषय राज्याचा आहे, आणि मशिनं कंपनीची आहेत. दिल्ली म्हणते पैसे पाठवले, मुंबई म्हणते अजून पोचले नाहीत.

"मग पेशंट कुणाचा?" रामगोंडानं विचारलं.

साहेब हसला. "अण्णा, खरं सांगू? तुमच्यासारख्यांनी इथं यायचंच कशाला? तुम्हाला खासगी परवडतं. सरकारी दवाखाना गरिबांसाठी असतो."

हे वाक्य रामगोंडानं स्वतः आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. आता समोरच्याच्या तोंडून ऐकताना त्याचा चेहरा आंबट झाला. शिपायानं चहा आणून ठेवला.

"ह्यो चहा कुणाचा? केंद्राचा का राज्याचा?" म्हणाला, आणि न पिता उठला.

त्याची सांगलीची वाट पुन्हा सुरू झाली. कोंडीबाचं काय, हे विचारायचं ब्राह्मीला सुचलं, सासऱ्याला नाही. ती वस्तीवर गेली तेव्हा कोंडीबा लिंबाखाली बसला होता, तोंड सुजलेलं.

"योजनेचं कार्ड हाय न्हवं तुमच्याकडं?" तिनं विचारलं. "सांगलीच्या दवाखान्यात चालतंय की."

"कार्ड हाय बाई. पर कार्डावर बसून सांगलीला जाता येत न्हाई. दोन यष्ट्या बदलायच्या, आन् येताना जीव ऱ्हात न्हाई."

तेव्हापासून कोंडीबा मागच्या सीटवर बसून जाऊ लागला. रामगोंडा पुढं, काच खाली करून. "मेंढरांचा वास येतोय," म्हणायचा. कोंडीबा म्हणायचा, "बेदाण्याला धुरी देतासा त्या गंधकापरीस बरा हाय." ब्राह्मी दोघांनाही गप्प बसवायची. असे काही आठवडे गेले. कुलूप तसंच होतं.

मग जिनेश आला आणि वडिलांना मोठ्या डॉक्टरला दाखवायला पुण्याला घेऊन गेला. ब्राह्मीही सोबत गेली. घाईत निघाले. तिकडंच डायलिसिस करू, आठवडाभर राहू, असं ठरलं. कोंडीबाला निरोप द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

गाडी त्याला जिथून घ्यायची त्या फाट्यावर तो ठरल्या वेळी येऊन बसला. दुपार झाली तरी गाडी आली नाही. मग घरी गेला. पुढच्या खेपेलाही तसाच बसला, तेव्हा त्याला धाप लागली होती. वस्तीवरच्या पोरांनी मोटरसायकलवर मधे बसवून तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. छातीत पाणी भरलेलं. डॉक्टरनं ऑक्सिजन लावला, सांगलीला न्यायला रुग्णवाहिका मागवली. ती येईपर्यंत कोंडीबा गेला. ज्या खाटेवर गेला, तिच्या भिंतीपलीकडं मशिनं कुलपात होती.

रामगोंडा पुण्याहून आल्यावर त्याला हे कळलं. तो दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेला. गाडीतून उतरून आयुष्यात पहिल्यांदा तिथली वाट चालला. कोंडीबाची बायको रंगुबाई मेंढरं वाड्यात घालत होती. तिनं हातातलं काम थांबवलं नाही.

"रंगुबाई, आमी पुण्याला गेलो व्हतो," रामगोंडा म्हणाला. "निरोप द्यायला पायजे व्हता. चुकलं."

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आवं पाटील, तुमी आला न्हाई म्हनून मेला न्हाई त्यो. येवढं मोठं समजू नगा सोताला. तुमी कोन? तुमची गाडी म्हंजी काय सरकार हाय?"

रामगोंडा वाड्याच्या दाराकडं एक पाऊल सरकला.

"ज्यांनी यायला पायजे व्हतं, त्यातलं एक बी हितं आलं न्हाई. तुमी आला. बरं झालं. आता जावा, मेंढरं बुजत्यात."

ती आत निघून गेली. पाणीही विचारलं नाही.

पैसे कुठून तरी आले आणि कुलूप उघडलं. नुसतं उघडलं असतं तर सरकारचं काय राहिलं असतं? मांडव घातला, फलकावर दिल्लीचे आणि मुंबईचे चेहरे शेजारी शेजारी छापले, आणि जे कुलूप त्यांच्याच हलगर्जीनं लागलं होतं ते निघाल्याबद्दल नारळ फोडला. एक पाहुणा फीत कापून आत आला. लाभार्थी म्हणून कॅमेऱ्यासमोर रामगोंडाला धरलं. खाटेवर अडकलेला माणूस पळून कुठं जाणार?

"आजोबा, सेवा कशी वाटते?" पाहुण्यानं वाकून विचारलं.

"चालू हाय तवर बरी हाय."

कॅमेरावाला म्हणाला, "आजोबा, परत एकदा बोला, थोडं हसून."

रामगोंडानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तोंड जास्त वाईट करून. पाहुणा दुसऱ्या खाटेकडं वळला. संध्याकाळी तालुक्याच्या बातम्यांत तो तुकडा नव्हता.

रामगोंडा अजून तिथं जातो. अजूनही काही गोड बोलत नाही. चादर मळकी दिसली की खाटेवर बसायलाच नकार देतो, औषध बाहेरून आणायला सांगितलं की थेट मोठ्या डॉक्टरच्या खोलीत जाऊन उभा राहतो, आणि खुर्ची दिली तरी बसत नाही. पूजा वैतागते. बाकीचे पेशंट मात्र त्याच्या डायलिसिसचेच दिवस मागून घेतात. म्हणतात, म्हातारा लय तुसडा हाय, पर त्यो आला की आमाला बी धुतलेली चादर मिळती.