फलाट ऐंशी-ऐंशी

जगात दोनच प्रकारची माणसं असतात, गाडीत बसलेली आणि गाडी चुकलेली, असं ठामपणे मानणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या हिचे मामा. मामांनी उभी नोकरी कंडक्टर म्हणून केली, आणि ‘उभी’ हा शब्द इथं अगदी शब्दशः घ्यायचा. निवृत्त झाले, खाकी अंगावरून उतरली, पण मामा काही गाडीतून उतरले नाहीत. घरात पंगत बसली की ते अजून म्हणतात, “सरका पुढं, मागं लई जागा हाय.” कुणी उंबऱ्यात रेंगाळलं की, “दारात थांबू नका, आत या न्हायतर खाली उतरा.” मामी भाकरी वाढायला आल्या की, “अख्खी नको, सुट्टे दे,” म्हणजे अर्धी मोडून दे. नातवंडं दंगा करायला लागली की मामा वाटीवर चमच्यानं एकदाच टिंग करतात आणि सगळी पोरं जागच्या जागी थिजतात. माझ्या लग्नात वरातीचा घोडा देवळापाशी अडून बसला होता. पुढून ओढून झालं, मागून ढकलून झालं, शेवटी मामांनी बँडवाल्याची झांज काढून घेतली आणि घोड्याच्या कानाशी टिंग टिंग अशी दोनदा वाजवली. घोडा मुकाट चालू लागला. आमच्या सासुरवाडीत हा किस्सा अजून सांगतात, आणि त्यात नवरदेव म्हणून मी होतो हे मात्र कुणालाच आठवत नाही.

अशा माणसाच्या हाती सर्व्हर लागावा ही नियतीची गंमत. मी धाराशिवला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळं सासुरवाडीत कुणाचा मोबाईल तापला, कुणाचा टीव्ही मुंग्या दाखवायला लागला, तरी जावयालाच फोन येतो. पण ह्या प्रकरणाचं मूळ मोबाईलमध्ये नव्हतं, ते गावाच्या फाट्यावर होतं. मामांची नात प्रज्ञा धाराशिवला कॉलेजात जायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. गाव फाट्यापासून बरंच आत. कारखाना सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, दोन-दोन ट्रॉल्या डुलत जातात, आणि त्यांच्यामागं गाडी कधी अडकेल आणि कधी सुटेल ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. एका संध्याकाळी प्रज्ञाच्या मोबाईलची बॅटरी संपलेली, गाडी भलत्याच वेळी आलेली, आणि पोरगी अंधारात फाट्यावर एकटी उभी. तिचे वडील, म्हणजे मामांचे चिरंजीव आणि आमचे मेहुणे, तिला घेऊन घरी आले. जेवण झाल्यावर एवढंच म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत बघतो. गाडी कुठं हाय ते घरबसल्या कळायची सोय झाली तर झाली. न्हायतर कॉलेज बंद. घरी बसून परीक्षा दे.”

मेहुणे वाईट माणूस नव्हे. त्यांना शेत होतं, जनावरं होती, आणि रोज तास-दीड तास फाट्यावर डोळे लावून बसणं खरंच शक्य नव्हतं. पण प्रज्ञा रडली नाही. तिनं आठवडाभर कागदावर काहीबाही काढलं, मला फोनवर पिडलं, आणि एक छोटं वेब ॲप्लिकेशन तयार केलं. मोबाईलवर एक पान उघडायचं, त्यावर मोठ्या अक्षरांत दिसणार, “गाडी येडशीला”, “गाडी ढोकीत”, “ढोकी सोडली”. ही खबर कोण देणार? मामांचे जुने दोस्त. येडशीचा चहावाला, ढोकीचा पानवाला, ज्यांनी आयुष्यभर मामांना उभ्याउभ्या चहा पाजला, ते गाडी दिसली की मामांना फोन करणार आणि मामा ते टाइप करणार. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळं बसवलं, बाहेरच्या मोबाईलांना ते दिसावं अशी वाट मी करून दिली. अडचण एकच होती. दुपारी वीज जायची, कॉम्प्युटर बंद पडायचा, आणि त्या वेळी प्रज्ञा कॉलेजात. मग वीज आल्यावर काळी खिडकी उघडून, त्यात हुकूम टाइप करून सर्व्हर सुरू करायचं काम मामांकडं आलं. ते आपोआप सुरू होईल अशी सोय करून देतो म्हणालो, तर मामा भडकले. “कंडक्टरबिगर आपोआप सुटती ती गाडी नसती जावईबापू, ॲक्शिडंट असतो.”

मी त्यांना समजावलं, सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी. कुणी पान मागितलं की नेऊन वाढतो. मामांनी ते साफ नामंजूर केलं. त्यांच्या लेखी सर्व्हर ही गाडी, फोल्डर म्हणजे डेपो आणि पोर्ट म्हणजे फलाट. आमचा पोर्ट आठ शून्य आठ शून्य, म्हणून ‘फलाट ऐंशी-ऐंशी’. आणि खरं सांगायचं तर त्यांना ह्या भाषेत जेवढं पटकन कळलं तेवढं माझ्या वर्गातल्या पोरांना वर्षभरात कळत नाही. पहिल्याच दिवशी खिडकी म्हणाली, फाइल सापडत नाही. मी सांगितलं, “मामा, तुम्ही दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभे आहात.” मामांनी कपाळावर हात मारला. “म्हंजे लातूरच्या स्टँडवर उभं ऱ्हाऊन नळदुर्गची गाडी मागायलोय व्हय!” दुसऱ्या दिवशी डेपो बरोबर होता, पण कीबोर्ड मराठीवर राहिलेला, कारण सकाळी मामांनी निवृत्त कंडक्टरांच्या ग्रुपवर सुविचार टाकला होता. त्यांनी हुकूम कसाबसा इंग्रजीत टाकला आणि फलाटाचा आकडा मात्र ‘८०८०’ असा देवनागरीत. सर्व्हर म्हणाला, हा आकडाच नव्हे. ह्या अपमानानं मामा दोन घास कमी जेवले. “आठ, शून्य, आठ, शून्य! पहिलीतलं लेकरू वाचंल. आमच्या गाडीच्या पाटीवर मराठीत आकडे असायचे, एका तरी पॅसिंजरनं म्हणावं, हा आकडाच न्हाय?”

तरीही हे दुखणं साधं होतं. खरं दुखणं पुढं सुरू झालं. भर वर्गात माझा फोन वाजायचा. “जयभीम जावईबापू. घ्या लिहून. ए. डबल डी. आर. ई. डबल यस.” मामा काळ्या खिडकीतली तक्रार एकेक अक्षर करून वाचायचे, मधेच मामींना “चहा ठेव गं” म्हणायचे, आणि ते ‘चहा ठेव’ सुद्धा मी लिहून घ्यायचो. शेवटी अर्थ लागला की पत्ता आधीच वापरात आहे, म्हणजे त्या पोर्टवर दुसरं काहीतरी आधीच चालू आहे. “म्हंजे आपल्या फलाटावर दुसऱ्याची गाडी लागलीय,” मामा गंभीरपणे म्हणाले. “कोणत्या डेपोची?” ते मलाही ठाऊक नव्हतं. मामांचा संशय आधी प्रिंटरवर गेला, मग टीव्हीवर, आणि शेवटी शेजारच्या गुरुजींच्या वायफायवर. मामा सरळ त्यांच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले, “गुरुजी, वळखीचे म्हणून सांगतो, तुमची गाडी आमच्या फलाटावरून काढा.” गुरुजींकडं सायकलसुद्धा नव्हती. ते बिचारे बाहेर येऊन रस्ता बघून गेले.

मी फलाट बदलून दिला. दुसऱ्या दिवशी त्याही फलाटावर गाडी. पुन्हा बदलला, पुन्हा तेच, शेवटी वैतागून परत ऐंशी-ऐंशीवरच आलो. मी व्हायरसवर एक लांबलचक व्याख्यान दिलं, त्याचा परिणाम मामींवर एवढाच झाला की त्यांनी कॉम्प्युटरपाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवला. मजा अशी की रविवारी मी स्वतः जाऊन हुकूम टाइप केला की सर्व्हर पहिल्या झटक्यात सुरू. “जावईबापूंच्या हाताला गुण हाय,” असं मामा गावभर सांगायचे, आणि मीही उगाच बोटं मोडत दुसरा चहा घ्यायचो. त्यात येडशीच्या चहावाल्यानं आणखी घोळ घातला. तो फोन करून म्हणायचा, “मामा, दिसायलंय की तुमचं पान!” त्यावर मामा खेकसायचे, “गप बस! हितं सोता काळी खिडकी न्हाय म्हणायलीय, अन् तुला दिसायलंय व्हय?” आणि रागारागानं सगळ्या खिडक्या मिटून, कॉम्प्युटर बंद करून, “गाडी डेपोत नेऊन आणतो” म्हणायचे. मग चहावाल्याच्या मोबाईलवरचं पानही जायचं, आणि मामा विजयी सुरात विचारायचे, “आता दिसतंय का?”

होता होता महिनाअखेर आली. मेहुण्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, “आज संध्याकाळी बघतो. उद्यापासून मग काय ते ठरवू.” प्रज्ञा डबा घेऊन कॉलेजला गेली. मी रजा टाकून मोटरसायकलवर गावी गेलो. सरळ खुर्चीत बसणार, तर मामांनी मला हातानं अडवलं. “आज तुमी हात लावायचा न्हाय. तुमच्या हाताला गुण हाय ते खरं, पण उद्या तुमी नसताव. पोरीची गाडी म्याच सोडणार.” मेहुणे ओट्यावर मोबाईल धरून बसले होते. मी चहाची बशी घेऊन मामांच्या मागं उभा राहिलो, आणि मामा एवढ्या दिवसांत गाडी कशी सोडतात हे पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं.

त्यांनी काळी खिडकी उघडली. डेपो बरोबर. कीबोर्ड इंग्रजीवर. हुकूम एका बोटानं, पण बिनचूक. एंटर दाबलं. खिडकीत चार ओळी सरसर आल्या आणि नुसता ठिपका लुकलुकत राहिला. सर्व्हर सुरू झाला होता. मी “झालं!” म्हणणार, तेवढ्यात मामांनी शांतपणे दुसरी काळी खिडकी उघडली आणि तोच हुकूम पुन्हा टाइप करून पुन्हा एंटर मारलं. नवीन खिडकीत तांबडी ओळ आली. ए, डबल डी, आर, ई, डबल यस.

“मामा, हे दुसऱ्यांदा काय केलंत?”

मामांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की बिनतिकिटाचा पॅसिंजर बरा. “डबल बेल.”

“म्हणजे?”

“आवो, एका घंटीवर गाडी थांबती जावईबापू, निघत न्हाय. निघायला दोन माराव्या लागत्यात. एवढं शिकलाव, अन् एवढं कळंना?”

माझ्या हातातला चहा बशीतून सदऱ्यावर गेला. मी हसत हसत खालीच बसलो. फलाटावर लागलेली ती परक्या डेपोची गाडी मामांचीच होती, पहिल्या घंटीला सुटलेली. दुसरी घंटी मारून मामा तिच्यामागं आणखी एक गाडी लावायचे, ती अडकली की दोन्ही गाड्या डेपोत नेऊन घालायचे. तेवढ्यात ओट्यावरून मेहुण्यांचा आवाज आला, “आबा, हितं दिसायलंय की.” मामा सवयीनं ओरडणार होते, मी त्यांचा हात धरला. “मामा, तुम्हाला शपथ आहे. काही मिटू नका.”

मामांनी काही मिटलं नाही, पण दोन्ही हात मांडीखाली दाबून बसावं लागलं त्यांना. चहावाल्याचा फोन आला, मामांनी टाइप केलं, “गाडी येडशीला.” मग बराच वेळ काहीच नाही. पुढं उसाच्या ट्रॉल्या असणार. मग पानवाल्याचा फोन, आणि मामांनी एका बोटानं ठोकलं, “ढोकी सोडली.” मेहुणे उठले, चप्पल घातली, मोटरसायकलला किक मारली. थोड्या वेळानं प्रज्ञा त्यांच्यामागं बसून दारात उतरली. मेहुणे हातपाय धुऊन आत आले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, “म्या पोचलो अन् गाडी थांबली. बराबर आली.” मग टॉवेल खुंटीला अडकवत, “उद्या किती वाजता जायचंय गं कॉलेजला?” प्रज्ञा तोंडावर ओढणी धरून आत पळाली. मामा खुर्चीतच होते. ते एकदम धोतराच्या सोग्यानं कीबोर्ड पुसायला लागले.

एका एंटरवर थांबायचं, हे मी मामांना परोपरीनं समजावलं. त्यांना पटलंही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा डबल बेल दिली. डोक्याला पटलं तरी हाताला पटायला हवं ना. शेवटी औषध प्रज्ञानंच काढलं. तिनं जुन्या सायकलची घंटी आणून टेबलाच्या कडेला स्क्रूनं बसवली. आधी घंटी, टिंग टिंग, आणि मग एंटर एकदाच. तेव्हापासून फलाट ऐंशी-ऐंशीवर एकदाही गाडी अडकली नाही. फक्त दुपारी घंटी वाजली की कुल्फीवाला आला म्हणून गल्लीतली पोरं धावत येतात, आणि मामी त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवून वाटेला लावतात. त्या पानावर बघून आता गावातल्या आणखी मुली संध्याकाळच्या गाडीनं येतात, त्यांचे बापही ओट्यावर मोबाईल धरून बसतात.

प्रज्ञाचं शिक्षण पुरं झालं आणि तिला पुण्यात नोकरी लागली. ती निघाली त्या सकाळी आम्ही सगळे फाट्यावर होतो. गाडी आली, पेट्या चढल्या, प्रज्ञा खिडकीपाशी बसली. गाडीचा कंडक्टर मामांच्या हाताखाली तयार झालेला. त्यानं दार धरून म्हटलं, “मामा, या. आज तुमी सोडा गाडी.” मामा पायरीवर चढले. वर हात करून त्यांनी दोरी ओढली.

टिंग.

आणि हात तसाच वर राहिला. ड्रायव्हर आरशातून बघत बसला, पॅसिंजर माना वर करून बघायला लागले, कंडक्टर खाली मान घालून उभा राहिला. मामांना दुसरी घंटी काही मारवेना. कीबोर्डवर ज्याला एका घंटीवर थांबता आलं नाही, तो माणूस तिथं एका घंटीवर थांबला होता.

मग आतून प्रज्ञा उठली. मामांच्या हातावर हात ठेवून तिनंच दोरी ओढली. मामा खाली उतरले, आणि गाडी निघाली.