गुहेतला सुगत

माह्या भावाचं नाव महिपत. आदिलाबादेत बसस्टँडाच्या मागं त्याच्या दोन खोल्या होत्या. पुढं कॉम्प्युटरचा क्लास, मागं संसार. आधी आठ वर्षं त्यानं टाइपिंग शिकवलं, मंग सत्त्याण्णव साली टायपरायटर विकून तीन जुने कॉम्प्युटर घेतले. मानूस गरीब गाय, पन हट्टी. एकदा डोक्यात घेतलं का मंग कोनाच्या बापाचं ऐकत नाही. मी पंचफुला, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, भीमपुरात मास्तरीन. विज्ञान शिकवते. हट्टात मी काही त्याच्याहून कमी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

महिपतच्या बायकोचं, मालनचं, पहिलं लेकरू चार महिन्याचं होऊन गेलं. दुसरं बारशाच्या आधीच. तिसरं झालं तवा आमची माय बयनाबाई म्हने, याचं नाव धोंड्या ठेवा, नाक टोचा, उकिरड्यावर लोळवून आना, म्हनजे मरनाचं ध्यान याच्याकडं जानार नाही. आमच्या गावात पाठोपाठ लेकरं गेली का असंच करत. महिपत भडकला. आपन बुद्धाच्या वाटेनं चालनारी मानसं, आपलं लेकरू काही धोंडा नाही, म्हने. नाव ठेवलं सुगत, बुद्धाचंच एक नाव. ते नाव मीच सुचवलं होतं. मायनं आठ दिवस अबोला धरला, आन् मीही तिले चांगली झाडली. अशानं लेकरं वाचली असती तं लोकायनं दवाखाने कायले बांधले असते, म्हनलं.

कॉम्प्युटरसोबत हैदराबादच्या दुकानदारानं एक सीडी दिली होती. जपानी खेळ. एक पोरगा तलवार घेऊन जंगलातून, पडक्या गावातून, गुहेगुहेतून फिरते, राक्षस मारते. मारता मारता त्याची ताकद वाढते, नवी तलवार भेटते, वाटेतले लोक त्याले काहीबाही सांगतात. काय सांगतात ते आमाले कसं समजनार? समदी जपानी अक्षरं, आन् आमच्या कॉम्प्युटरवर तं त्यायचेही चौकोनच दिसत. तरी दुपारी क्लास रिकामा असला का महिपत खेळे. चुकतमाकत शिकला. खेळ सुरू करताना नाव टाका लागे. त्यानं इंग्रजीत सुगत टाकलं. बापाचं कौतुक, दुसरं काय! पडद्याच्या कोपऱ्यात लेकराचं नाव, खाली जिवाची लाल पट्टी. घाव बसला का पट्टी आखूड होये. संपली का तो पोरगा मरे, आन् मागं जिथं एका निळ्या दगडापाशी खेळ सेव्ह केला असंल तिथून पुन्हा निघा लागे. महिन्याभरात शंभरदा तरी मेला असंल तो. महिपत हासे आन् पुन्हा सुरू करे.

मंग अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात, एका शुक्रवारी दुपारी, तो गुहेत मेला. महिपत उठून मागच्या खोलीत गेला तं मालन सतरा महिन्याच्या पोराले मांडीवर घेऊन पदरानं वारा घालून राह्यली होती. पोराचं अंग नुसतं तव्यावानी. त्या साली घरोघरी मलेरिया होता. शनिवारी दवाखान्यात भरती केलं, आन् डॉक्टर म्हनले का ताप डोक्यात गेला.

मले निरोप भेटला तशी रविवारी पहिल्या गाडीनं निघाली. खाटेवर पोराले पाह्यलं. पांढराफटक, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तं पाहेना. साडेअकरा वाजता डॉक्टर आले. याच्या अंगात रक्तच उरलं नाही, म्हने, आत्ताच्या आत्ता द्या लागते. बापाचं जुळते, बापाले बलवा. बाप कुठं हाये? मालन म्हने, कपडे आनाले गेले, नऊ वाजताच. दोन रात्री त्यानं डोळ्याले डोळा लावला नव्हता, झोपला असंल बिचारा, असं मनाशी म्हनत मी रिक्षा केली.

झोपला नव्हता. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून तलवार चालवून राह्यला होता.

मी त्याले काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. त्यानं मान वळवली नाही. बोटं थांबत नव्हती. एवढंच म्हनला, "अक्का, शुक्रवारी हा इथंच मेला, आन् मी आत गेलो तं पोरगं तापलेलं. आता हा मेला नाही पाहिजे. याले वर काढतो, मंग येतो."

मी म्हनलं, रक्त पाहिजे रे, तुव्हं रक्त. तं म्हने, सोडून गेलो तं राक्षस याले खातील. हा खेळ जागच्या जागी थांबवायचं बटन असंलही, पन सीडीसोबतचं पुस्तक जपानी, त्याले काय ठाऊक! वायर उपटतेच, म्हनून मी भिंतीकडं गेली. प्लगवर हात ठेवला.

आन् वायर ओढवेना. खरं सांगते, पडद्यावर ते नाव पाह्यलं आन् पाचावर धारन बसली. बोटभर पोरगा अंधारात उभा, लाल पट्टी अर्धी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपन कोरडे पाषान, तशी मी. वायर उपटली आन् तिकडं काही झालं तं? मायच्या तोंडावर ज्या गोष्टीले मी हासली, तीच माह्या छातीवर येऊन बसली.

"ऊठ," मी म्हनलं. "मी बसते. याले मी वर काढते. तू जाय."

त्यानं खुर्ची सोडली. मंग भराभर शिकवलं: या चार बटनायनं चालव, लांब बटनानं मार, पट्टी कमी झाली का हे दाब, तो पाला खाते. पाले तीनच उरले. वर जा, निळा दगड दिसंल, तिथं पोचला का सुटला. आन् अनवानीच पळाला.

मी आयुष्यात असला खेळ खेळली नव्हती. खुर्ची त्याच्या घामानं ओली होती. मी चालवाले गेली तं पोरगा भिंतीवर जाऊन आदळे. एक कोळ्यावानी जनावर आलं, मी लांब बटन दाबत सुटली, ते मेलं. एक पाला गेला. पायऱ्या भेटल्या, चढली. वटवाघळं आली, दुसरा पाला गेला. तोंडानं मी म्हनून राह्यली होती, चाल बापा, चाल माह्या सोन्या, हळू. त्या बाहुल्याले! पाठीवरून घाम उतरत होता, डोळ्याची पापनी पाडायचं भेव वाटे. वर कुठंतरी निळा उजेड दिसला. दगड होता तो, दहा पावलांवर.

त्या दगडापुढं एक दांडगा राक्षस उभा राह्यला. मी मागं व्हाले गेली तं बोट भलत्याच बटनावर पडलं आन् पोरगा सरळ त्याच्यापुढं गेला. तिसरा पाला खाऊ घातला. पट्टी भरली, आन् पुन्हा उतरली. मी दाबत राह्यली, दाबत राह्यली. पोरगा गुडघ्यावर बसला, मंग पालथा पडला. पडदा लाल झाला. मधात जपानी चौकोनायची एक ओळ आली. कोपऱ्यातलं नाव गेलं.

माह्या हातानं मेला.

रिक्षा भेटली नाही. दवाखान्यापर्यंत मी पळत गेली, पंचेचाळीस वर्षाची बाई, रस्त्यानं चप्पल तुटली ते समजलं नाही. पायऱ्या चढताना कान देऊन ऐकत होती, वरतून मालनचं रडनं येते का म्हनून. आलं नाही.

पोराच्या हाताले सुई लावली होती, वर रक्ताची बाटली. अजून तसंच पांढरं, डोळे मिटलेले. आता संध्याकाळपर्यंत वाट पाहा, असं डॉक्टर सांगून गेले होते. बाजूच्या खाटेवर महिपत पडला होता, दंडाले कापूस. मले पाह्यलं तसा कोपरावर उठला.

"काढला?"

"काढला. दगडापाशी उभा हाये," मी म्हनलं.

त्यानं डोळे झाकले, आन् दोन दिवसानं पहिल्यांदा झोपला. मी लहानपनापासून त्याच्याशी कदी खोटं बोलली नव्हती. ते खोटं बोलली, आन् जाऊन पोराच्या पायथ्याशी बसली. त्याचं पाऊल हातात धरलं. थंड होतं. मी कोनाले काय मांगत होती, मलेच ठाऊक नाही. मांगायले आमच्या घरात कोनी देव नव्हता. म्हनून त्या पावलालेच म्हनत होती, मले खोटी पाडू नको रे.

चार वाजले. पाच वाजले. बाटली संपली. साडेपाचले पोरानं पाय ओढून घेतला, तोंड वाकडं केलं, आन् कुईकुई करत मायकडं पाह्यलं. मालननं त्याले उचललं. डॉक्टर आले, डोळे पाह्यले, म्हनले, आता भेव नाही.

मी हमसून हमसून रडाले लागली. मालन चकित झाली. ती बिचारी तीन दिवस रडली नव्हती. म्हने, "अक्का, आता काऊन रडता? कोनाले काय झालं?"

"कोनाले काही नाही," मी म्हनलं, आन् महिपत जागा तं नाही ना, हे पाह्यलं.