थंड पाण्यातला पहिला श्वास

ही हकीकत लिहायचं मी काही वर्षं टाळलं. पोलीस सेवेतल्या तपासांबद्दल पुष्कळ सांगितलं. पण हा तपास निवृत्तीनंतरचा, कोणी न सोपवता अंगावर घेतलेला. तोच अजून झोप मोडतो.

तेव्हा मी नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला मुलीकडे होतो. गावाकडच्या जुन्या स्नेह्याचा फोन आला. तिथल्याच डेल्फ्टला शिकणारा त्याचा मुलगा पुलावरून कालव्यात पडून बुडाला होता.

"साहेब, विहिरीत काठावरून मुटका मारणारं पोर बुडेल कसं? त्या दिवशी रूममेटशी भांडण झालेलं म्हणे. तुम्हीच बघा."

मलाही ते पटलं. मे महिना, लख्ख ऊन, पट्टीचा पोहणारा. ढकलल्याशिवाय बुडतोय कशाला?

रूममेट पुण्याचा. त्याच्याच खोलीत मी त्याला उजेडाकडे तोंड करून बसवलं, ठाण्यात बसवायचो तसं.

"भांडण कशावरून?"

"काका, तो उडी मारतो म्हणत होता. मी म्हटलं, ऊन असलं तरी पाणी बर्फ आहे. तर म्हणाला, तुम्ही पुणेकर, टाकीतच पोहा."

"तुला पोहता येतं ना? मग तू का नाही उतरलास?"

"आत जायचं नाही, असं इथे शिकवतात. मी पुलाजवळ टांगलेली तरंगती ट्यूब फेकली, ११२ ला फोन केला."

उत्तर फार तयार वाटलं. नजर खाली. मी स्नेह्याला कळवलं, "पोरगं काहीतरी लपवतंय." ते गावभर झालं. रूममेटच्या आईला पुण्यात शिव्यांचे फोन जाऊ लागले.

पुढे स्नेह्याच्या संमतीने इथल्या पोलिसांनी मला बोलावलं. भाषेसाठी मुलगी सोबत होती. एका बोटीवरून कोणीतरी मोबाईलवर चित्रीकरण केलं होतं. मुलाने हसत, एकट्यानेच उडी मारली. वर आला तो तोंड उघडं, आवाज नाही. ट्यूब हाताशी पडली, पण बोटं मिटेनात.

महिला अधिकाऱ्याने शांतपणे समजावलं. उंचावरून पडलं की पाणी जोरात आपटतं आणि माणूस खोल जातो. अंगाला एकदम गार लागलं की छाती आपोआप श्वास ओढते. तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत जातं. काही मिनिटांत हातपाय बधिर होतात. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही हेच होतं. आपल्या उन्हाळ्यातल्या विहिरीचा अंदाज इथे चालत नाही, हे मुलीने जोडलं. म्हणून पुलावरून उडी मारू नये, पाण्यात हळूहळू उतरावं. चुकून पडलातच तर आधी पाठीवर तरंगत राहा, श्वास ताळ्यावर आला की मग हात मारा. काठावरच्याने आत न उतरता तरंगणारं काही फेकावं आणि मदत बोलवावी.

रूममेटने नेमकं तेच केलं होतं. खाली गेलेली नजर म्हणजे गुन्हा, असं मी नोकरीभर मानत आलो. दुःखानेही ती खाली जाते, हे मला या वयात कळलं.

स्नेह्याला खरं सांगितलं. त्याने फोन ठेवला. मग मी डेल्फ्टला गेलो.

रूममेटने दार उघडलं. "काका, अजून काही विचारायचंय?"

"नाही रे. इकडे आलो होतो, म्हटलं डोकावावं."

त्याने चहा केला. आम्ही हवापाण्याचं बोललो. गाडीची वेळ झाली म्हणत मी उठलो. पुढे तो नोकरीसाठी टिलबर्गला गेल्याचं कळलं. तिकडे मी गेलो नाही. "चूक माझी होती, बाळा, मला माफ कर," एवढंच मला त्याला म्हणायचं होतं.