शेजारच्या फरशीवरचा इलेक्ट्रॉन

नागपूरच्या मे महिन्यात कडाक्याच्या थंडीचा विचार करून पगार घेणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं भाग्य. तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे इलेक्ट्रॉन अतिथंड धातूत जोडीनं फिरतात आणि वीज कुठेही न अडता वाहते, ती कशी, हा त्याचा ध्यास. खरा धातू फार किचकट, म्हणून तो कागदावर नुसत्या चौकटी आखतो आणि बाकी सगळं सोडून देतो. ही सोडून देण्याची सवय कागदापुरती राहिली असती तर बरं होतं. हुडकेश्वरच्या नव्या घराचा पत्ता सांगताना त्यानं नाला आणि दोन वळणं सोडून दिली. आम्ही वास्तुशांतीला पोचलो तेव्हा पंगत उठली होती. भर दुपारी उन्हासाठी डोक्याला दुपट्टा न बांधता निघतो म्हणून त्याच्या बायकोनं हटकलं, तर म्हणे त्याच्या चौकटींच्या मॉडेलमध्ये तापमान शून्य धरलंय. एकदा तर गच्चीच्या फरश्यांवर सगळ्या पाहुण्यांना इलेक्ट्रॉन करून उभं केलं. एका फरशीवर दोघं नकोत, उडी मारून रिकामी फरशी गाठायची, हा नियम. गुडघे धरून उड्या मारताना आमचे सासरे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याची आई गेल्यावर त्यानं वडिलांना गावाहून, खाप्याहून आपल्या घरी आणलं आणि गणित अडलं. कूलरमध्ये पाणी कोणी टाकायचं, बातम्या किती मोठ्यानं लावायच्या, बापलेकांचं कशावरच पटेना. बाबा दोनदा पिशवी उचलून खाप्याला परतले. तिथे जेवले का, पडले का, विचारणारं कोणी नाही. साडू काळजीनं वाळत चालला. मग एका संध्याकाळी गच्चीवर तो दोन चिंचोके घेऊन बसलेला दिसला. आधी एकाच फरशीवर, मग शेजारशेजारच्या फरश्यांवर ठेवून बघत होता. आठवडाभरात त्यानं शेजारचं रिकामं घर भाड्यानं घेतलं.

"एका चौकटीत दोघं भांडतात, भाऊ," तो मला म्हणाला. "शेजारच्या चौकटीत जोडी जमून जाते."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "बाप म्हणून नाही राहत गा मी," ते म्हणाले. "शेजारी म्हणून राहतो."

आणि खरंच जमलं. मधल्या बुटक्या भिंतीवर दोन वेळा चहाचे दोन कप, अलीकडे हा, पलीकडे ते. भांडणं तीच, पण दोघांनाही त्यांची वाट बघायची सवय लागली.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. परवा मी गेलो तेव्हा साडू भिंतीपाशी उभा होता, समोर एकच कप. काहीतरी बोलायचं म्हणून मी गणिताचं विचारलं.

"एकच इलेक्ट्रॉन उरला की गणित पुरं सुटून जाते, भाऊ," पलीकडे बघत तो म्हणाला. "पण त्यात पाहण्यासारखं काही राहत नाही."

 फाटकातून फिरून मी पलीकडच्या अंगणात गेलो, भिंतीपाशी उभा राहिलो आणि त्याच्याकडे चहा मागितला.