स्विचवरची कागदाची पट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अण्णा आमच्या घरातून गेले, त्याच्या तासभर आधी मला कळलं होतं की त्यांचा काहीच दोष नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. कारखान्यात वायरमन होते. वहिनी गेल्यावर मल्लेश्वरमला आमच्याकडे राहायला आले. खोलीतून माणूस उठला की पंखा, दिवा, चार्जर, सगळी बटणं बंद करत फिरायचे.

माझं काम घरूनच, लिनक्सच्या लॅपटॉपवर. एका सोमवारी सकाळी कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट आलं. नेहमीसारखं 'हो' म्हटलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर वायफाय गायब.

माझी नजर आधी अण्णांकडे गेली. राउटरचं बटण चालूच होतं; म्हणजे बंद करून परत लावलं असणार. घरातले फोन चालत होते, पण ते सिमच्या डेटावर चालत असतील असं मी ठरवून टाकलं. तपासलं मात्र नाही. दुपारी, कुणी बटण दाबलं तर कळावं म्हणून, त्यावर कागदाची बारीक पट्टी चिकटवली. मंगळवारी पट्टी जशीच्या तशी, आणि वायफाय नाहीच. वाटलं, वायरमनचा हात. काढून पुन्हा सफाईनं लावली असेल.

जेवताना, बायकोसमोर, मी विचारलंच. "अण्णा, राउटरला हात लावलात ना?"

"नाही रे."

"मग काय, भूत लावतं?"

अण्णांनी ताटातला सारभात संपवला. "ती पट्टी मी कालच पाहिली," ते म्हणाले. "सरी, ठीक आहे. माझा हातच नको तुझ्या घरात."

मग त्यांनी आपल्या मुलीला फोन करून सांगितलं, येलहंक्याला तुझ्याकडे येतोय.

बुधवारी सकाळी ते आत बॅग भरत होते. मी लॅपटॉप सुरू करताना यादीतलं जुनं कर्नल निवडून पाहिलं. वायफाय लगेच जोडलं गेलं. नव्या कर्नलसाठी वायफाय चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, तयारच झाला नव्हता. राउटरचा संबंधच नव्हता.

बायकोनं दारातून विचारलं, वायफाय लागलं का? मी म्हटलं, लागलं. कसं, ते बोललो नाही. तिनं एकदा अण्णांच्या खोलीकडे पाहिलं. अण्णांनीच जाता जाता लावून दिलं, असं तिच्या मनात आलं हे मला समजलं, आणि मी ते तसंच राहू दिलं. अण्णांची बॅग रिक्षात मीच ठेवली.

ते अजून येलहंक्यालाच आहेत. चूक माझी होती, आणि तुम्ही निघण्याआधीच मला ती कळली होती, एवढं बायकोच्या देखत सांगायचं देणं मी त्यांना लागतो.